ट्रेलर ओढत हंपीला : तयारीच्या नोंदी

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

ट्रेलर आज धायरीत आला. मिस्त्रींच्या शेडसमोर उभा केलाय. कागदपत्रं ऑगस्टमध्येच उरकली होती. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललं, विमा गाडीपेक्षा वेगळा काढला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६१ प्रमाणे ट्रेलरचीही स्वतंत्र नोंदणी लागते. आमच्या ट्रेलरला एमएच-१४ चा नंबर आहे आणि तो बाजूवर रंगवलेला आहे. मागच्या बाजूला मात्र ओढणाऱ्या गाडीचा नंबर दिसायला हवा, तेव्हा स्कॉर्पिओच्या एमएच-१२ नंबरची पाटी करायला टाकली. ट्रेलर घ्यायचा विचार असेल त्यानं हे कलम आधी वाचावं. ते अर्ध्या पानाचंसुद्धा नाही.

ट्रेलर एकाच आसाचा आहे. आत दोन पलंग, ओटा, बारा व्होल्टचा फ्रिज आणि कॅसेटचं, म्हणजे खालची टाकी बाहेर काढून रिकामी करता येते असं, कमोड. हे सगळं आईसाठी. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला सलग दोन तासांपेक्षा जास्त बसवत नाही, मध्ये आडवं व्हावं लागतं, आणि रस्त्यावरच्या ढाब्यांवर कमोड मिळेलच असं नाही. तिला हंपीचं विठ्ठलाचं देऊळ पाहायचंय. एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी विठोबाची मूर्ती विजयनगरहून, म्हणजे आजच्या हंपीहून, पंढरपूरला परत आणली, ही कथा आमच्याकडे दर आषाढीला सांगितली जाते. दगडी रथाचे फोटो तिनं शंभरदा पाहिलेत. ते देऊळ प्रत्यक्ष बघायचं, एवढंच तिचं म्हणणं.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी घरात सगळ्यांना सांगून टाकली: गाडी चालू असताना ट्रेलरमध्ये कोणीही बसायचं नाही. आईसुद्धा नाही. झोपायचं ते गाडी थांबवूनच.

२१ सप्टेंबर, शनिवार

टायर आणि बेअरिंग.

टायर वरून नवेकोरे दिसतात, नक्षी भरपूर आहे. पण कडेच्या खुणेतले शेवटचे चार आकडे ३७१७, म्हणजे २०१७ सालचा सदतिसावा आठवडा. सात वर्षं. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण ते वर्षातला बहुतेक वेळ एकाच जागी उभे असतात. बाजूच्या रबराला बारीक तडे आहेत, नख फिरवलं की जाणवतात. शिवाय भारांक ८३, म्हणजे एका टायरला ४८७ किलो. दोन्हींचे मिळून ९७४ किलो झाले, आणि ट्रेलरच्या पाटीवर एकूण वजनाची मर्यादा आहे १२०० किलो. मुळात हे टायर इथे लावायलाच नको होते. त्याच मापाचे पण ‘सी’ खुणेचे, माल वाहायच्या गाड्यांचे टायर घेतले. भारांक ९४, एका टायरला ६७० किलो. स्टेपनीसकट तीन.

चाकं निघालीच होती म्हणून हब उघडले. डाव्या बाजूचं ग्रीस मधासारखं पिवळसर होतं. उजवीकडचं काळं, आणि बोटांत चोळून बघितलं तर कचकच लागली. मिस्त्रींनी बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन उजेडात धरलं आणि एका रोलरवरचा निळसर डाग दाखवला. "हे तापलेलं आहे, साहेब. अजून चाललं असतं, पण कुठपर्यंत ते सांगता येत नाही." दोन्ही बाजूंची बेअरिंग आणि सील नवीन टाकली. जुनं डावं बेअरिंग चांगलं आहे, ते धुऊन, ग्रीस भरून, पिशवीत घालून टूलबॉक्समध्ये ठेवलं. हुबळी-गदगच्या मध्ये नेमकं हेच माप दुकानात मिळेल याचा भरवसा नाही.

स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिना आणि यू-बोल्ट ठीक.

२६ सप्टेंबर, गुरुवार

काल आणि आज पुण्यात धो धो पाऊस. गळती शोधायला याहून चांगला मुहूर्त नाही. छतावरच्या झरोक्याच्या एका कोपऱ्यातून थेंब येतोय आणि मागच्या खिडकीखाली प्लायवूड ओलं आहे. वाळल्यावर जुनं सिलिकॉन खरवडून ब्युटाइल रबराची चिकटपट्टी लावायची. सिलिकॉनवर सिलिकॉन चिकटत नाही, म्हणून आधी सगळं खरवडणं आलंच.

२९ सप्टेंबर, रविवार

या सगळ्या तयारीतलं सर्वांत महत्त्वाचं काम मला वाटतं ते आजचं. वजन.

पाण्याची टाकी भरून, सिलिंडर, गाद्या, भांडी, खुर्च्या असं सगळं प्रवासाला जाताना ठेवू तसंच ठेवून सातारा रस्त्यावरच्या एका वजनकाट्यावर गेलो. ट्रेलर सुटा करून काट्यावर १०२० किलो भरला. मर्यादा १२००, म्हणजे तिथे चिंता नाही. स्कॉर्पिओच्या मॅन्युअलमध्ये ब्रेकवाला ट्रेलर ओढायची जी मर्यादा दिली आहे, तिच्याही आत आहे.

खरा प्रश्न एकूण वजनाचा नसतो, ते कुठे ठेवलंय याचा असतो. हूकच्या बॉलवर ट्रेलरची दांडी किती दाबाने टेकते ते मोजायला घरचा वजनाचा काटा पुरतो. सपाट जमिनीवर चाकांना ठोकळे लावले, काटा दांडीच्या तोंडाखाली ठेवला, त्यावर लाकडाचा एक उभा तुकडा, तोही बॉलच्या उंचीचा, म्हणजे ट्रेलर ओढताना असतो तसा समपातळीत राहतो. मग पुढचं छोटं चाक हळूहळू वर घेतलं. काटा थरथरत ४१ वर थांबला.

४१ किलो म्हणजे एकूण वजनाच्या चार टक्के. युरोपात हे प्रमाण साधारण पाच ते सात टक्के ठेवतात, अमेरिकेत दहा ते पंधरा. आमच्या हूकच्या पाटीवर कमाल शंभर किलो लिहिलंय. तेव्हा ७५ ते ८० च्या आसपास हवं.

बाबा बाजूला उभे होते. त्यांचं लहानपण बार्शीकडे बैलगाडीवर गेलेलं. त्यांनी दांडीखाली हात घालून ती जराशी उचलून पाहिली आणि म्हणाले, "अरे, ही गाडी उलाळ आहे. मागं ओझं जास्त झालं की जू बैलांच्या मानेवरून उचलतं, तसंच आहे हे. उतारावर बैलाला काही सुधरत नाही मग."

दाब वाढवायचा त्याचं कारण तेच. मागून जोरात ट्रक येऊन ओलांडून गेला की त्याच्या हवेनं ट्रेलरचं बूड आधी एका बाजूला ढकललं जातं, मग ओढलं जातं. पुढे पुरेसा दाब असेल तर दोन हेलकाव्यांत ते सरळ होतं. पाठ जड असेल तर उलट होतं. बूड परत येताना मधली रेघ ओलांडून आणखी पलीकडे जातं, प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा होतो आणि शेवटी तो ओढणाऱ्या गाडीची मागची चाकंही आपल्याबरोबर नेतो. वेग जितका जास्त तितकं हे लवकर घडतं. तसं झालंच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं. गाडीचा ब्रेक करकचून दाबायचा नाही, आणि वेग वाढवून त्यातून निसटायचं तर मुळीच नाही. बायकोला आणि मला दोघांनाही हे पाठ हवं, कारण दोघंही चालवणार आहोत.

ट्रेलर असा उलाळ का? ओट्याखाली जागा असताना ज्यानं आतली मांडणी केली त्यानं ६० लिटरची टाकी अगदी मागच्या भिंतीला लावली आहे. पाणी म्हणजे लिटरला एक किलो. आसापासून मागे १.७ मीटर. आस ते हूक अंतर ३.४ मीटर. म्हणजे ६० गुणिले १.७ भागिले ३.४. एवढ्या एका टाकीनं हूकवरचा ३० किलो दाब काढून घेतलाय. आणि टाकी रिकामी झाली की दाब आपोआप वाढणार, म्हणजे ट्रेलरचा स्वभाव रोज संध्याकाळी वेगळा.

टाकी आसाच्या जरा पुढे, २० सेंटिमीटरवर आणायची. मग ती भरलेली असो वा रिकामी, फरक तीन-चार किलोंचाच. हिशोबानं दाब ४१ वरून ७४-७५ वर जायला हवा.

डाव्या-उजव्या चाकाचं वजनही वेगवेगळं घेतलं. डावीकडे ५०, ६० किलो जास्त आहे, कारण ओटा आणि फ्रिज दोन्ही त्याच बाजूला. बॅटरी उजवीकडे हलवू.

५ ऑक्टोबर, शनिवार

टाकी हलवली. खालून अँगलची चौकट, त्यावर रबर, वरून दोन लोखंडी पट्टे. मिस्त्रींना नुसते नायलॉनचे पट्टे नको होते: "साठ किलो पाणी ब्रेक मारल्यावर साठ किलो राहत नाही." बॅटरीही उजवीकडे गेली.

पुन्हा वजन: ७६ किलो. हिशोबापेक्षा एक-दोन किलो वर, ते चौकटीचे. मनासारखं काम झालं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

वायरिंग. डावा इंडिकेटर लावला की उजवा मागचा दिवा मंद लुकलुकायचा. असलं चमत्कारिक काही दिसलं की आधी अर्थिंग तपासावं. सात पिनांच्या सॉकेटमध्ये तीन नंबरची पांढरी वायर अर्थिंगची. तिला चासीवर नीट जागा मिळाली नाही की करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो. चासीवरचा स्क्रू गंजून मऊ झाला होता. घासून, नवीन लग लावून, वर ग्रीस. तरी सॉकेट आणि वायर तापकीर गल्लीतून नवीनच आणली. पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेकचा, तपकिरी आणि काळी मागचे दिवे. ही रंगसंगती कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून, ट्रेलरच्या दाराच्या आत चिकटवली. रस्त्यात कोणीही वायरमन बघेल त्याला पाच मिनिटांत कळेल.

गॅस: पाच किलोचा सिलिंडर, पुढच्या बाहेरच्या कप्प्यात, उभा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून कप्प्याच्या तळाला भोक आहे. ते आधी कोणीतरी फोमनं बुजवलं होतं, मोकळं केलं. सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून बघितलं, बुडबुडा कुठेच नाही. चालताना सिलिंडरचा कॉक बंद.

१२ ऑक्टोबर, दसरा

गाडीची आणि ट्रेलरची पूजा. झेंडूचा एक हार स्कॉर्पिओला, एक ट्रेलरला, आणि आईच्या सांगण्यावरून हूकलाही एक फूल. मिस्त्रींच्या शेडमध्ये हत्यारांची पूजा होती, तिथे आपटा देऊन आलो.

२० ऑक्टोबर, रविवार

वाघोलीच्या पुढे एका मोकळ्या मैदानावर मागे घ्यायचा सराव. जागामालकांनी सकाळभर परवानगी दिली.

ट्रेलर मागे घेताना सगळं उलटं असतं, त्यामुळे डोक्यानं विचार करत बसलं की गोंधळ होतो. हात स्टिअरिंगच्या तळाशी, सहा वाजताच्या जागी ठेवायचा. ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात न्यायचा. एवढंच. वळण थोडं-थोडं द्यायचं, आणि गाडी व ट्रेलरमध्ये कोन फार झाला की जिद्द न करता पुढे जाऊन पुन्हा सरळ करायचं. नाहीतर ट्रेलर दुमडतो आणि दांडीचा कोपरा गाडीच्या बंपरमध्ये घुसतो.

बायको हे माझ्याआधी शिकली. विटा लावून केलेल्या फाटकातून तिनं ट्रेलर सरळ आत घातला. खुणांची भाषा ठरवली: मागे उभा असलेला माणूस चालवणाऱ्याला आरशात दिसलाच पाहिजे, दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबवायची. आरशांना बाहेर काढायचे लांब दांडे बसवलेत, त्याशिवाय ट्रेलरची मागची कड दिसत नाही.

हूकचा बॉल व्हर्नियरनं मोजला: ४९.७ मिलिमीटर. नवा ५० चा असतो, ४९ ला आला की बदलायचा. सुरक्षेच्या साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन अडकवायच्या, म्हणजे जोड निसटलाच तर दांडी जमिनीवर न पडता साखळ्यांच्या झोळीत बसते.

२७ ऑक्टोबर, रविवार

पहिली मोठी चाचणी: धायरी, नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा, खंबाटकी घाट, सुरूर, आणि परत. सगळं सामान आणि भरलेली टाकी घेऊन.

जाताना खंबाटकीचा चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये निवांत चढलो. इंजिनच्या तापमानाचा काटा हलला नाही. ट्रक ओलांडून जात होते, ट्रेलर जरासा हले आणि लगेच सरळ होई. टाकी हलवल्याचा गुण दिसला.

येताना बोगद्यातून. बोगद्यानंतरच्या एस वळणाला वेग आधीच कमी करून घेतला. पण मला काळजी होती ती शेवटच्या उताराची. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना सांगायला नको. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकच्या बातम्या तिथूनच येतात. आमच्या ट्रेलरचे ब्रेक धक्क्यावर चालतात. गाडी मंद झाली की ट्रेलर पुढे ढकलला जातो, दांडीतला शाफ्ट आत सरकतो आणि केबल ओढून ड्रमचे ब्रेक लावतो. सपाट रस्त्यावर हे उत्तम. लांब उतारावर मात्र गाडी इंजिनच्या जोरावर आवरून धरली, तर ट्रेलर पूर्ण उतारभर हूकवर रेलून राहतो आणि त्याचे ब्रेक सतत घासत राहतात. म्हणून बोगद्याआधीच वेग कमी केला, तिसरा गिअर, आणि पुढच्या वाहनापासून भरपूर अंतर.

नवले पुलापुढे सर्व्हिस रस्त्याला थांबून लेसरच्या थर्मामीटरनं ड्रम तपासले. डावा ७१ अंश, उजवा ११८.

एवढा फरक बरा नव्हे. म्हणजे उजवा ब्रेक एकटाच बरंच काम करतोय, किंवा सुटल्यावर नीट सुटत नाहीये. चाचणी घेतली नसती तर हे धारवाडच्या पुढे कधीतरी वासानं कळलं असतं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

वसुबारस, पण मिस्त्री आले. उजव्या ड्रममधली परतीची स्प्रिंग ढिली आणि केबल कवचात अडकत होती. दोन्ही बदललं. मग चाक वर उचलून, ब्रेकचा ॲडजस्टर चाक जाम होईपर्यंत घट्ट, आणि मग चाक हातानं मोकळं फिरेपर्यंत मागे. दोन्ही बाजूंना तेच, म्हणजे दोन्ही ब्रेक एकाच वेळी लागतात. दिवाळीत शेड बंद, आता पाडव्यानंतर.

९ नोव्हेंबर, शनिवार

तोच रस्ता, तोच उतार, तसाच वेग. डावा ७४, उजवा ७९. बास.

यावेळी आईला बरोबर नेलं. सुरूरला थांबल्यावर पायऱ्या चढून पलंगावर आडवी झाली, मग म्हणाली, "पायरी अजून एक हवी." बरोबर आहे, पहिली पायरी फार उंच पडते. एक सुटी पायरी आणि दाराशेजारी धरायला दांडा बसवायचा.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मार्ग ठरला. पुणे ते कोल्हापूर पहिला दिवस, कोल्हापूर ते हुबळी दुसरा, मग गदग, कोप्पळवरून होस्पेट. रोज सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, त्याहून फार नाही, आणि वेग साठ-पासष्ट. सातारा ते कागल रस्त्याचं सहापदरीकरण चालू आहे, वळणरस्ते खूप आणि अरुंद, तेव्हा तो टप्पा दिवसाउजेडीच. निपाणीजवळचा तवंदी घाट दुसऱ्या सकाळी, ताज्या डोक्यानं.

बाबांना होस्पेटला तुंगभद्रेचं धरण बघायचंय. ऑगस्टमध्ये साखळी तुटून तिथला १९ नंबरचा दरवाजा वाहून गेला, तेव्हापासून ते रोज पेपरात त्याची बातमी शोधायचे.

सामान भरलं. जड ते खाली आणि आसाच्या आसपास: पाणी, डबे, हत्यारं, स्टेपनी. हलकं ते वरच्या कप्प्यात: पांघरुणं, कपडे. मागच्या कप्प्यात फक्त घडीच्या खुर्च्या. लेकीनं पुस्तकांची पिशवी मागे कोंबली होती, ती पुढे घेतली. भरून झाल्यावर पुन्हा दाब मोजला: ७८.

निवडणुकीची आचारसंहिता चालू असल्यानं नाक्यांवर गाड्या तपासतात. सगळे कप्पे सहज उघडतील असे ठेवले, दोन्ही वाहनांचे कागद एका फाइलमध्ये.

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सगळ्यांनी मतदान केलं. आईला मतदान केंद्रावर चाकाची खुर्ची मिळाली, ती सोय छान होती.

संध्याकाळी टायर थंड असताना हवा, चाकांचे नट ९० न्यूटन-मीटरवर, दिव्यांची फेरी बायकोनं मागे उभी राहून घेतली. फ्रिज रात्रभर घरच्या विजेवर लावला, म्हणजे सकाळी आधीच थंड असेल आणि बॅटरीवर ताण येणार नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार, सुरूर

पहाटे पाचला निघालो. खेड शिवापूरचा नाका सहाच्या आत पार केला. खंबाटकी चढून सुरूरला पहिला थांबा. चाक काढून बसवल्यावर पहिल्या ऐंशी किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळायचे असतात, ते आवळले. एक नट पाव वळसा फिरला, बाकी जिथल्या तिथे. दोन्ही हब हाताला कोमट. हूक, साखळ्या, सॉकेट ठीक. मागच्या खिडकीखालचं प्लायवूड कोरडं.

आई आडवी झालीये, बाबांनी चहा टाकलाय. पुढचा थांबा कराड, तिथून बायको चालवेल.